सामाईक भिंत

गावाचं नाव घेत नाही; माणसं अजून तिथंच राहतात. कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव, आणि घाटाच्या वरच्या आळीत एका जुन्या वाड्याचे वाटणीत झालेले दोन भाग. मधोमध एक भिंत. खाली दगड, वर पांढरी माती, दीड हात रुंद. अलीकडे अण्णा, पलीकडे शेजार.

अण्णा म्हणजे दिवाणी कोर्टातले निवृत्त बेलीफ. 31 वर्षं त्यांनी लोकांच्या दारांवर कागद डकवले. समन्स, नोटिसा, जप्तीचे हुकूम. ज्याच्या नावाचा कागद तो माडीवर दबून बसायचा आणि बायको उंबऱ्यात येऊन सांगायची, ‘ते परगावी गेलेत.’ मग अण्णा दोन पंच बोलवायचे, चौकटीला खळ लावायचे आणि शेरा लिहायचे: ‘सदर इसम घरी मिळून आला नाही.’ हाताला लिहिण्याची सवय अशी लागली, की निवृत्त झाल्यावरही रोज रात्री रोजनिशी भरायचे. दूध किती, पाऊस कसा, कोण आलं, कोण गेलं. दिवसाला दोन ओळी, जास्त नाहीत.

या भिंतीवरून अण्णांनी दावा लढवला होता. 1987 साली शेजारच्या दादांनी घड्याळ लावायला खिळा ठोकला आणि अण्णांच्या बाजूचा ताटाएवढा गिलावा खाली आला. आधी बोलाचाली, मग नोटीस, मग दावा. ‘कोर्टाचाच माणूस, त्याचं काय, झटक्यात निकाल लागेल,’ असं आळीत बोललं गेलं. पण अण्णांनाही इतरांसारख्या तारखाच मिळाल्या. नऊ वर्षांनी हुकूमनामा झाला. भिंत सामाईक, डागडुजीचा खर्च निम्मा-निम्मा, आणि एकाच्या संमतीवाचून दुसऱ्यानं तिच्यात काही ठोकायचं नाही. त्याची नक्कल अण्णांनी ट्रंकेत लग्नाच्या फोटोखाली ठेवली होती. दादांनी घड्याळ काढून फडक्यात गुंडाळलं, ते परत कधी लावलं नाही.

पुढं दादा गेले. घर त्यांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या नावावर झालं. मुलगा महेश एका फायनान्स कंपनीच्या वसुलीला जायचा. त्याची बायको वैशाली घरी साड्यांना फॉल-पिको करायची. सहा वर्षांची एक मुलगी, चिमी.

रात्री आवाज यायचे.

सुरुवातीला अण्णांच्या बायकोनं, आक्कांनी, म्हणून पाहिलं, “अहो, जरा जाऊन तर या.” अण्णा म्हणायचे, “नवरा-बायकोचं आहे. आपण मध्ये पडलो तर उद्या दोघं एक होतील आणि आपण वाईट.” आणि रेडिओचा कान पिळायचे. पुढं टीव्ही आला, तेव्हा रिमोटचं बटण. या माणसानं एका खिळ्यासाठी नऊ वर्षं कोर्टाची पायरी झिजवली होती. भिंतीतून खिळा आला तर ती निम्मी त्यांची होती; आवाज आला की ती पूर्ण शेजाऱ्याची व्हायची.

2024 च्या श्रावणातली गोष्ट. रात्री साडेनऊचा सुमार. पलीकडून भिंतीवर काहीतरी जोरात आदळलं आणि अण्णांच्या स्वयंपाकघरातल्या फळीवरून लोणच्याची बरणी खाली आली. आक्कांच्या सासूबाईंच्या वेळची चिनी मातीची बरणी. तेल, मोहरी, कैऱ्यांच्या फोडी साऱ्या फरशीभर. अण्णा असे तडकले की अंगात सदरा न चढवता शेजारी गेले. दार उघडंच होतं. “भिंत सामाईक आहे, महेश!” ते ओरडले. “कोर्टाचा हुकूम आहे!”

महेश दम खात उभा होता. वैशाली भिंतीला धरून. कानामागून ओघळ आलेला. मुलगी शिवणयंत्राखाली बसली होती.

“बरणी फुटली होय?” महेश म्हणाला, आणि त्यानं खिशातून दोनशेची नोट काढली. “घ्या अण्णा. परत नाही होणार.”

अण्णांनी नोट घेतली. हे सांगताना मला जड जातं, पण घेतली. घरी येऊन रोजनिशीत लिहिलं, ‘बरणीची भरपाई रु. 200 मिळाली.’ आक्का जमिनीवर बसून तेल पुसत होत्या. वर न बघता त्या म्हणाल्या, “बरणीची मिळाली. पोरीची कोण देणार?”

दुसऱ्या दिवशी महेश कामावर गेल्यावर अण्णा ती नोट घेऊन पुन्हा गेले. ओसरीवर वहिनी तांदूळ निवडत होत्या. “वहिनी, हे बरं नाही चाललंय.”

वहिनींनी सूप खाली ठेवलं नाही. “आज ऐकू आलं व्हय अण्णा? तुमचे दादा तरी काय वेगळे होते? भिंत हीच होती.”

अण्णा गडबडले. “तेव्हा असे कायदे कुठं होते, वहिनी…”

“कायदे नव्हते,” वहिनी म्हणाल्या. “कान होते.”

इथं अण्णांची थोडी बाजू घ्यावी लागेल, आणि थोडी नाही. कायदा अगदीच नव्हता असं नाही. 1983 साली दंडसंहितेत कलम 498-अ आलं होतं. नवी न्यायसंहिता लागू झाल्यापासून तेच 85 आणि 86 या कलमांत आहे. पण त्याचा रोख नवऱ्याला शिक्षा करण्यावर. मारहाण झालेल्या बाईनं आज रात्री झोपायचं कुठं, उद्या सकाळी मुलाला दूध कशातून आणायचं, हे त्या कलमाला विचारून उपयोग नव्हता. म्हणून मग बायकांपुढं दोनच वाटा असायच्या: सोसा, नाहीतर निघा. निघायचं म्हणजे माहेर. आणि माहेर म्हणजे भावाची बायको.

अण्णा कोर्टात गेले. तालुका विधी सेवा समितीची खोली म्हणजे पूर्वी नाझरच्या जप्तीच्या वस्तू ठेवायची खोली. अण्णांनी तिथं लोकांच्या सायकली आणि भांडी मोजून ठेवलेली. आता तिथं एक तरुण वकीलबाई बसली होती. अण्णांनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, “पण मी कोण? ना बाप, ना भाऊ. मला अर्ज करता येणार नाही.”

“अर्ज तिचा. पण खबर कुणीही देऊ शकतं,” वकीलबाई म्हणाली. “2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, कलम 4. ‘कोणतीही व्यक्ती’ असे शब्द आहेत. संरक्षण अधिकाऱ्याला कळवायचं. प्रामाणिकपणे कळवलं तर कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी काही येत नाही.”

अण्णा लगेच उठायला लागले. तिनं त्यांना बसवलं. “थांबा. आधी तिला विचारा. तिच्या नकळत तुम्ही कागद हलवलात आणि नवऱ्याच्या कानावर गेलं, तर त्या रात्री ती एकटीच असेल त्याच्यासमोर. तुम्ही नसाल.”

मला विचाराल तर त्या खोलीत अण्णांना मिळालेला सगळ्यांत मोलाचा सल्ला हा. कलमं पुस्तकातही असतात.

आक्कांनी नऊवारीला फॉल लावायचं निमित्त काढलं. नऊवारीला कुणी फॉल लावतं का? वैशालीला कळलं, ती आली. बरंच बोलली, बराच वेळ काहीच बोलली नाही. भाऊ म्हणतो ये, पण त्याचीच दोन खोल्यांची जागा. पोलिसात जावं तर नवरा आत, मग मोटारसायकलचा आणि शाळेचा हप्ता कोण भरणार? फॉल-पिकोचे पैसे तो काढून घेतो. पाटल्या गहाण पडल्यात, कुठं ते ठाऊक नाही. मुलगा झाला नाही म्हणून सकाळ-संध्याकाळ ऐकावं लागतं ते वेगळंच. “आक्का, मला त्याला तुरुंगात नाही घालायचं,” ती म्हणाली. “मला माझ्या घरात रात्री निजायचं आहे. एवढ्यासाठी काही कागद असतो का?”

तीन आठवडे तिनं काही ठरवलं नाही. अण्णा उतावीळ झाले होते. आक्कांनी त्यांना आवरलं. त्या तीन आठवड्यांत आक्कांच्या तांदळाच्या डब्यात एकेक वस्तू येत गेली: आधार कार्ड, पासबुक, मुलीचा जन्मदाखला, सरकारी दवाखान्यातला केसपेपर. 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर वैशालीनं पिकोच्या वहीत ‘गिऱ्हाईक’ म्हणून लिहून ठेवला. मग एका दुपारी ती म्हणाली, “बोलवा त्यांना.”

संरक्षण अधिकारी मॅडम आक्कांच्या स्वयंपाकघरात बसल्या, त्याच फळीखाली. कौटुंबिक घटना अहवाल लिहायचा होता. कोर्टात त्याला नुसतं डीआयआर म्हणतात. मारहाणीचा रकाना होता तसा शिव्या-टोमण्यांचा होता, पैसे आणि दागिने काढून घेण्याचाही होता. मुलगा न होण्यावरून घालूनपाडून बोलणं, हेसुद्धा कायद्यात छापलेलं आहे, हे ऐकून वैशालीनं दोनदा विचारलं, “म्हणजे हेपण लिहायचं?”

अडलं ते तारखांवर. कुठला दिवस, कुठली वेळ? तिला आठवेना. ज्या बाईचे सगळे दिवस सारखेच जातात तिला तारीख कशी आठवावी? “पाऊस होता”, “चिमी आजारी होती”, असं काहीबाही ती सांगू लागली. मॅडमचं पेन थांबलं.

अण्णा उठले. आतून तीन रोजनिश्या घेऊन आले. चष्मा लावला आणि वाचायला लागले. कोर्टात पुकारा करायचा जो आवाज होता तो मात्र निघेना.

“2 ऑगस्ट 2022. नागपंचमी. पाऊस बरा. रात्री शेजारी आवाज. रेडिओ मोठा केला.”

पान उलटलं.

“12 नोव्हेंबर 2023. लक्ष्मीपूजन. शेजारी आदळआपट. फटाके असावेत.”

“त्या रात्री माझा हात मोडला होता,” वैशाली म्हणाली. “दवाखान्यात सांगितलं, माळा साफ करताना पडले.”

अण्णा वाचत राहिले. शेजारी गोंगाट, टीव्ही मोठा केला. शेजारी रडणं, कानात कापूस घातला. शेजारी गोंगाट, बातम्या नीट ऐकू आल्या नाहीत. अडीच वर्षांत 26 नोंदी. प्रत्येकीला तारीख होती, बहुतेकींना वेळही होती, कारण रेडिओवर तेव्हा काय लागलं होतं तेही त्यांनी लिहिलं होतं. 31 वर्षं दुसऱ्यांच्या दारावर लिहिलेला शेरा त्यांना आता स्वतःच्या अक्षरात सापडत होता: सदर इसम घरी होता, पण मिळून आला नाही.

“रेडिओ मोठा केला, तेपण घ्या त्यात,” ते मॅडमना म्हणाले.

“त्याला रकाना नाही, अण्णा,” मॅडम म्हणाल्या, आणि तारखा उतरवून घेत राहिल्या.

अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं गेला. वैशालीला वकील फुकट मिळाला. बाईला मोफत कायदेशीर मदत मिळताना तिचं उत्पन्न बघत नाहीत, हे 1987 च्या विधी सेवा कायद्यातच आहे. योगायोग असा की अण्णांचा खिळ्याचा दावाही त्याच वर्षीचा. अर्ज आल्यापासून तीन दिवसांत पहिली तारीख आणि त्या तारखेपासून साठ दिवसांत निकाल, असं कायदा सांगतो. पहिली तारीख अकराव्या दिवशी पडली. अण्णांच्या मते हे वेगवान. त्यांचं कुतूहल दुसरीकडेच होतं: नोटीस कोण बजावणार? बेलीफ नाही, संरक्षण अधिकारी. एवढ्या वर्षांत हा एक कागद त्यांच्या हातून कधीच गेला नव्हता, तो का, हे त्यांना तेव्हा कळलं.

महेशच्या वकिलानं दोन मुद्दे काढले. एक, घर सासूच्या नावावर, सुनेचा त्यात हक्क काय? त्यांनी 2006 चा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा पुढं केला. वकीलबाई उठली. तोच निवाडा सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी 15 ऑक्टोबर 2020 रोजी चुकीचा ठरवला आहे, सतीश चंदर आहुजा यांच्या प्रकरणात. सून लग्न होऊन ज्या घरात नांदते ते घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी या कायद्यापुरतं सामाईक घर असू शकतं. मालकी मागत नाही, ती म्हणाली. राहण्याचा हक्क मागते आहे.

‘सामाईक’ हा शब्द ऐकून मागच्या बाकावर अण्णा ताठ झाले.

दुसरा मुद्दा अण्णांवर होता. हा शेजारी पक्षकाराच्या वडिलांशी नऊ वर्षं भांडला आहे, याचा जुना आकस आहे, याच्या प्रतिज्ञापत्राला काय किंमत? साहेबांनी अण्णांकडे बघून विचारलं, “खरं आहे का?”

“दावा खरा आहे, साहेब,” अण्णा म्हणाले. “पण आकस काढायचा असता तर पहिल्याच रात्री आलो असतो. मी 26 रात्री गप्प बसलो.”

अंतरिम आदेश झाला. महेशनं मारहाण, शिवीगाळ करायची नाही. वैशालीला घराबाहेर काढायचं नाही. माडीवरची खोली वैशालीची आणि मुलीची, महेशनं तिथं पाऊल ठेवायचं नाही. दरमहा खर्चाला ठरावीक रक्कम. पाटल्या सोडवून परत. एक प्रत पोलीस ठाण्याला. नवऱ्याला घराबाहेर राहायला सांगणंही न्यायालयाच्या हाती असतं. ते या टप्प्यावर झालं नाही. आदेशाची प्रत मोफत मिळाली. नक्कल विभागाच्या खिडकीशी ज्यांचं आयुष्य गेलं त्या अण्णांचा यावर मात्र विश्वास बसेना. “एक रुपयासुद्धा नाही?” त्यांनी कारकुनाला दोनदा विचारलं.

माडीच्या खोलीची किल्ली वहिनींच्या कनवटीला असायची. आदेशाच्या संध्याकाळी त्यांनी ती काढून जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवली. मुलाशी बोलल्या नाहीत, सुनेशीही नाही.

महिना-दीड महिना शांततेत गेला. मग एक रात्र आली. डिसेंबरातली थंडी, अण्णांकडे टीव्ही चालू, आणि भिंतीतून ठक, ठक, ठक. लाटण्याचा आवाज. हे आधीच ठरलं होतं. संमतीवाचून भिंतीत ठोकायचं नाही, आणि अण्णांनी संमती दिलेली होती. त्यांनी टीव्ही बंद केला. पाठोपाठ माडीचं दार लाथेनं हादरताना स्वच्छ ऐकू आलं. आक्कांनी 112 लावला.

पोलीस आले. हवालदारानं नेहमीचं वाक्य टाकलं, “घरातलं आहे, बसून मिटवा ना.” अण्णा आदेशाची प्रत घेऊन समोर उभे राहिले, एके काळी समन्स घेऊन उभे राहायचे तसे. “घरातलं होतं,” ते म्हणाले. “आता कोर्टातलं आहे. संरक्षण आदेश मोडलाय. कलम 31. एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दखलपात्र, अजामीनपात्र. तुमच्या ठाण्यात प्रत पोचल्याची सही आहे, बघा.” हवालदारानं पान उलटून सही बघितली. साहेबांना फोन लावला. मग महेशला म्हणाला, “चल.”

महेश पुढं जामिनावर सुटला. आता कामाच्या गावी खोली घेऊन राहतो, मुलीला रविवारी भेटतो. रक्कम एका महिन्याला येते, एका महिन्याला यायची राहते. त्यासाठी वेगळा अर्ज पडला आहे. एक पाटली आली, दुसरी यायची आहे. मूळ प्रकरण अजून चालूच. साठ दिवस केव्हाच मागं पडले. वैशाली तारखेला जाते तेव्हा मुलगी आक्कांकडे असते, आणि परत येताना तिच्या पिशवीत कधी भाजी असते, कधी पुढची तारीख.

2025 च्या चैत्रात एका दुपारी अण्णांचा डोळा लागला होता. भिंतीतून ठक असा आवाज आला आणि ते धडपडत उठले. काठी शोधण्यात वेळ न घालवता तसेच शेजारी गेले. वैशाली पाटावर उभी होती, एका हातात हातोडी, एका हातात खिळा. मुलगी खाली उभी, छातीशी दादांचं ते जुनं घड्याळ धरून. कोपऱ्यात वहिनी घड्याळाचं फडकं घडी करत होत्या.

“घाबरवलं का अण्णा?” वैशाली म्हणाली. “नुसतं ठोकून बघत होते. विचारायला येणारच होते. भिंत सामाईक आहे ना. मारू का?”

अण्णांनी भिंतीवर बोटाच्या पेरानं ठोकत ठोकत अंदाज घेतला. “इथं नको. गिलावा येईल. वीतभर डावीकडं घे, तिथं आत सागवानी तुळई आहे.” मग त्यांनी मान वळवून आपल्या घराकडे हाक दिली, “अगं, खिळा मारतोय!”

अलीकडून आक्कांनी फळीवरची नवी बरणी दोन्ही हातांनी धरून ठेवली.